आणेवारी आणि ओवी



साहित्याच्या अभ्यासाला आरंभ करणाऱ्या प्रत्येकापुढे पहिल्याच पानावर एक प्रश्न उभा असतो : साहित्य म्हणजे काय? पाठ्यपुस्तकात या प्रश्नाची उत्तरे व्याख्यांच्या रूपाने दिलेली असतात. संस्कृत साहित्यशास्त्रकारांच्या व्याख्या, पाश्चात्त्य विचारवंतांच्या व्याख्या, मराठी समीक्षकांची मते अशी ती मालिका असते. तुम्ही त्या वाचता, खाली रेघ ओढता, दिवसभराचे काम आटोपल्यावर रात्री पाठ करता आणि परीक्षेत उतरवता. त्यात गैर काही नाही. परंतु व्याख्या पाठ झाली तरी प्रश्न जागच्या जागी राहतो, हा अनुभव तुम्हांला आला असेल. कोणी तरी आयुष्यभर वाचन करून ज्या निष्कर्षाला पोहोचले, तो निष्कर्ष म्हणजे व्याख्या होय. आपण मात्र त्या शेवटच्या वाक्यापासूनच आरंभ करतो. या लेखात मला तुमच्याबरोबर थोडे अलीकडून चालावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी रविवारच्या एका संपर्कसत्रात मी साहित्यप्रकारांची ओळख करून देत होतो. कविता, कथा, कादंबरी, नाटक, आत्मचरित्र, ललित निबंध अशी फळ्यावर मांडणी झाली होती. वर्गात एस.टी.चे एक वाहक होते, दोन पोलीस शिपाई होते, बऱ्याच गृहिणी होत्या आणि मागच्या बाकावर अंगणवाडीत काम करणाऱ्या, पन्नाशीकडे झुकलेल्या एक ताई होत्या. सत्र संपत आले तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, माझ्या आईला शे-दीडशे ओव्या येतात. तिला सही येत नाही, अंगठा लावते. तुम्ही फळ्यावर लिहिलंत त्यातल्या कुठल्याच प्रकारात तिच्या ओव्या बसत नाहीत. मग ते साहित्य आहे का नाही?" मी काही बोलण्याच्या आत त्यांनीच पुढे सांगितले, "आई आता थकली. रोज थोडं थोडं विसरते. लिहून घ्यायचं तर आत्ताच घ्यायला पाहिजे. अंगणवाडीचं काम, घरचं, त्यात हा अभ्यास. एवढं सगळं असताना ते करण्याजोगं आहे का, तेवढं सांगा."

हा प्रश्न मला इतक्या निकडीने त्यापूर्वी कोणी विचारला नव्हता. तो गुणांसाठी विचारलेला नव्हता. एक वही लिहिली जाईल की नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरणार होते. त्या ताईंना मी काय सांगितले ते पुढे येईलच. ते नीट समजावे म्हणून आधी दोन मजकूर तुमच्यापुढे ठेवतो. दोन्ही एकाच गावातले आहेत, आणि एकाच वर्षाविषयीचे आहेत.

माझे वडील तलाठी होते. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला त्या वेळी आमचे बिऱ्हाड त्यांच्या नेमणुकीच्या गावी होते आणि मी शाळकरी वयाचा होतो. पिकाची आणेवारी करणे हे वडिलांच्या कामांपैकी एक काम होते. आणेवारी म्हणजे पिकाचा अंदाज. पूर्ण पीक सोळा आणे धरले तर प्रत्यक्षात किती आणे हाती आले, याची ती नोंद असे. गावाची स्थिती सरकारदरबारी त्या नोंदीवरून ठरत असे. वडील दिवसभर बांधाबांधाने फिरत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात तक्ता भरीत. गावाचे नाव, हंगाम, पीक, क्षेत्र आणि शेवटच्या रकान्यात आणे. त्या तक्त्यात एकही विशेषण नसे. पीक करपून गेले, माणसे हवालदिल झाली, असे काही त्यात लिहिता येत नसे आणि तसे लिहू नये, याविषयी वडील काटेकोर होते.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक आजी एकट्या राहत असत. गावात गिरणी आली होती, पण त्या जात्यावरच दळीत. पहाटे त्यांच्या जात्याची घरघर भिंतीतून ऐकू येई. दुष्काळाच्या त्या सबंध वर्षात ती घरघर बंद पडली नव्हती. पुढच्या वर्षी पाऊस झाला, सुगी झाली. सुगीनंतर एका पहाटे माझी आई आणि त्या आजी एकाच जात्याला समोरासमोर बसल्या असताना आजींनी एक ओवी म्हटली. तिचा आशय असा होता : मागच्या साली कितीतरी पहाटे मी रिकामे जाते ओढले, आवाज आला नसता तर शेजारणीने विचारले असते, बाई, आज दळण का नाही?

ती शेजारीण म्हणजे माझी आई. आई सांगत असे, "मी काहीच बोलले नाही. खुंटा धरलेला होता, तशीच ओढत राहिले." पुढे कितीतरी वर्षे काम करता करता ती ही ओवी मध्येच गुणगुणत असे.

आता हे दोन मजकूर शेजारी शेजारी ठेवून पाहा. तलाठ्याचा तक्ता आणि आजींची ओवी. दोन्हींचा विषय एकच : धान्य नव्हते. पण आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. या दोहोंत एक श्रेष्ठ आणि एक कनिष्ठ अशी प्रतवारी मला करावयाची नाही. त्या तक्त्यांच्या आधाराने दुष्काळी कामे निघाली, पाझर तलाव खोदले गेले, खडी फोडणाऱ्या हातांना मजुरी मिळाली, कामावर सुकडी वाटली गेली. ओवीने कोणाचे पोट भरले नाही. साहित्याची थोरवी सांगण्याच्या भरात व्यवहाराच्या भाषेला तुच्छ लेखणारे लेखन तुमच्या वाचनात येईल, त्यापासून सावध राहा. जी भाषा काटेकोर, कोरडी आणि खरी असते तिचे उपकार फार मोठे असतात. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे : या दोन मजकुरांत भाषा जे काम करते, त्यात फरक कोणता?

एक सोपी कसोटी लावून पाहू. तक्त्यातील शब्द बदलले तर काय होईल? 'क्षेत्र' या ठिकाणी 'जमीन' लिहिले, रकान्यांचा क्रम बदलला, सगळा मजकूर दुसऱ्या भाषेत नेला, तरी आणे तेवढेच राहतील. माहिती शाबूत राहील. आता ओवीचे पाहा. मी वर तिचा आशय सांगितला, ओवी सांगितली नाही. त्याचे कारण हे की, आज माझ्यापाशी ओवी उरलेली नाही. आजी गेल्या, आई गेली. ओवी ही लिहून ठेवण्याची वस्तू आहे असे त्या घरांत, त्या काळी, कोणाच्या मनात येत नसे. जात्याच्या फेऱ्याशी जुळलेला तिचा ठेका, पहिल्या ओळीच्या शेवटी येणारा हेलकावा, 'रिकामे' या शब्दाच्या जागी आजींनी योजलेला त्यांच्या बोलीतला शब्द, हे सारे गेले. तुम्हांला आशय समजला. कदाचित तो मनाला भिडलाही असेल. तरीही ज्याने माझ्या आईला निःशब्द केले ते तुमच्यापर्यंत पोहोचलेले नाही. तालुक्याच्या दप्तरखान्यात त्या वर्षीचे तक्ते कदाचित अजूनही बासनात बांधलेले असतील. जे शब्द बदलून चालले असते ते कागदावर राहिले, आणि ज्यांतला एकही शब्द बदलून चालला नसता ते वाऱ्यावर गेले.

'साहित्य' हा शब्द 'सहित' या शब्दापासून बनला आहे. भामहाने शब्द आणि अर्थ यांच्या सहभावाला काव्य म्हटले, ही गोष्ट तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचली असेल. ती व्याख्या वाचताना एखाद्याच्या मनात येते की, शब्द आणि अर्थ तर प्रत्येक वाक्यात एकत्रच असतात. मग यात विशेष काय सांगितले? विशेष हे आहे की, व्यवहारात शब्द अर्थाला पोहोचवून परत फिरतो. साहित्यात तो अर्थाबरोबर घरात राहतो. तक्त्यातून आणे घेतले की शब्दांचे काम संपले. ओवीतून तुम्ही काहीही काढून घेतले तरी शब्दांचे काम संपत नाही, कारण जे घ्यावयाचे ते शब्दांतच मुरलेले असते.

दुसरी गोष्ट पाहा. त्या ओवीत भूक हा शब्द नव्हता. दुःख, लाज, अभिमान यांपैकी एकही शब्द नव्हता. रिकामे जाते होते, आवाज होता आणि शेजारणीचा एक साधा प्रश्न होता. काश्मीरमध्ये नवव्या शतकात होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या ग्रंथात काव्याचा आत्मा म्हणून ज्या ध्वनीचा विचार केला तो हाच : सांगितलेल्या अर्थापलीकडे जाणवणारा, उच्चारलेला नसूनही ऐकू येणारा अर्थ. परीक्षेत ध्वनिसिद्धान्तावर टीप लिहिताना हे रिकामे जाते आठवून पाहा. उपाशी असणे आणि उपाशी आहोत हे कोणाला कळू न देणे, या दोहोंत जे अंतर आहे ते कोणत्याही रकान्यात भरता येत नाही. ते न सांगता कळावे लागते.

तिसरी गोष्ट. ती ओवी आजींची स्वतःची होती, तरी ती म्हणताना माझी आई त्यांची गोष्ट सांगत आहे असे वाटत नसे. ती स्वतःचेच काही तरी म्हणत असे. आमच्या घरी दाणा होता. तिने रिकामे जाते कधी ओढले नव्हते. पण आतून रिते असताना घरघर चालू ठेवण्याचे प्रसंग प्रत्येकाच्या संसारात येतात. भट्टनायक आणि त्यानंतर अभिनवगुप्त यांनी रसप्रक्रियेच्या संदर्भात साधारणीकरणाची कल्पना मांडली, तिचा हा घरगुती अनुभव आहे. एकाचा अनुभव सर्वांचा होतो, आणि तरीही तो धूसर होत नाही. जाते जातेच राहते, भिंत भिंतच राहते.

रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्की याने १९१७ साली लिहिलेल्या निबंधात हीच बाब दुसऱ्या बाजूने पाहिली. सवयीमुळे आपल्याला भोवतालच्या वस्तू दिसेनाशा होतात. कला त्या वस्तूंना अनोळखी करून पुन्हा दिसावयास लावते, असे त्याचे म्हणणे. माझ्या आईने ते वर्षभर पहाटे जात्याची घरघर ऐकली होती. ऐकूनही तिने ती ऐकली नव्हती, कारण तो रोजचा आवाज होता. ओवीनंतर तो आवाज तिच्यासाठी बदलून गेला. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घडणीत संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांवर आधारलेली लय पाहिली; शरच्चंद्र मुक्तिबोधांनी साहित्याच्या मूल्याचा विचार मानुषतेशी जोडला. या दोन भूमिका परीक्षेत परस्परांविरुद्ध उभ्या करण्याची रीत आहे. आजींच्या ओवीवर दोन्ही लावून पाहा. फिरणारे जाते आणि नसलेला दाणा, हा विरोध नसता तर ओवी उभीच राहिली नसती. आणि त्या विरोधाच्या मागे स्वतःची आब राखणारे माणूस नसते तर तो विरोध म्हणजे केवळ एक युक्ती ठरला असता.

येथे थांबून एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. संपर्कसत्रानंतर अनेक विद्यार्थी आपल्या कवितांची वही दाखवतात. त्या वह्यांमागे खरी दुःखे असतात, आणि ती माणसे माझ्या आदराला पात्र असतात. परंतु दुःख खरे आहे एवढ्याने लेखन साहित्य होत नाही. यमक जुळले एवढ्यानेही होत नाही. अवघड संस्कृत शब्द, चंद्र, चांदणे, पारिजात, काळीज आणि आसवे यांची रास घातली म्हणून होत नाही. छापले गेले म्हणून तर मुळीच होत नाही. 'माझे दुःख आभाळाएवढे' असे कोणीही लिहू शकतो आणि ते कोणाच्याही दुःखाला लागू पडते. रिकामे जाते त्या एकाच आजींचे आहे. गंमत अशी की, सर्वांना लागू पडणारे वाक्य कोणाचेच होत नाही, आणि एकाच बाईचे जाते सर्वांचे होते. साहित्याच्या अभ्यासात मला आजवर जे काही हाती लागले त्यातील हे सर्वांत मोलाचे आहे, म्हणून ते तुमच्यापुढे ठेवीत आहे.

आता साहित्यप्रकारांकडे वळू. प्रकार म्हणजे खोकी आणि साहित्यकृती म्हणजे त्यांत भरण्याच्या वस्तू, अशी समजूत करून घेतल्यास अभ्यास कंटाळवाणा होतो. प्रकार हा अनुभवाला विचारलेला एक विशिष्ट प्रश्न असतो. तेच जाते घेऊन पाहा. कविता विचारील : तो क्षण कसा आहे? ती आवाज आणि रितेपणा यांना एकत्र बांधून थांबेल. कथा विचारील : त्या दिवशी काय घडले? समजा, एका पहाटे शेजारीण पसाभर पीठ उसने मागावयास आली. आता आजी काय करतील? कथेला तेवढी एक पहाट पुरे आहे. कादंबरी विचारील : हे सारे कसे घडत आले? तिला पाऊस, सावकारी, ओसाड पडत जाणारी वाडी, कामाच्या शोधात गेलेला मुलगा, तलाठ्याचा तक्ताही लागेल. नाटकाची रीत आणखी निराळी. रंगमंचावर मधोमध भिंत आहे. एका बाजूला आजी रिकामे जाते ओढत आहेत, दुसऱ्या बाजूला शेजारीण तो आवाज ऐकून समाधानाने चूल पेटवीत आहे. जे शेजारणीला दिसत नाही ते प्रेक्षकांना दिसते. एकही संवाद नसताना नाट्य निर्माण होते, कारण नाटकात कोणाला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, यालाच महत्त्व असते.

आत्मचरित्र विचारील : हे माझ्या बाबतीत घडले, ते आज सांगताना मी कोण आहे? त्यात लेखकाने वाचकाला दिलेला सत्याचा शब्द असतो. म्हणून त्यात लपवणे आणि सांगणे या दोहोंना वेगळे वजन येते. ललित निबंध घटना सांगतो, तिच्याभोवती फिरतो, स्वतःशी आणि वाचकाशी बोलतो. तुम्ही आता जो वाचत आहात तो साधारण त्याच जातीचा मजकूर आहे.

हे प्रश्न मनात ठेवले म्हणजे प्रकारांच्या सीमा ओलांडणाऱ्या कृती आपल्याला गोंधळात टाकीत नाहीत. म्हाइंभटाने तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी ठिकठिकाणच्या लोकांना विचारून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्याचा हेतू श्रद्धेचा होता. आपल्या हाती आला तो मराठी गद्याचा अमोल ठेवा. बखरकारांनी इतिहास सांगण्यासाठी लिहिले, पण पानिपतची 'भाऊसाहेबांची बखर' आपण आज भाषेसाठीही वाचतो. महात्मा फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' आणि ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' ही पुस्तके वाद घालण्यासाठी लिहिलेली आहेत. त्यांतील भाषेचा ताव मात्र कोणत्याही ललित लेखनाला हेवा वाटावा असा आहे. शाळेचे शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने घरादाराला भोगावा लागलेला जाच त्या अशा हसतमुखाने सांगतात की वाचक हसता हसता अंतर्मुख होतो. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये सांगणारा दगडू आणि ऐकणारा लेखक असे एकाच माणसाचे दोन भाग होतात. तेथे आत्मचरित्राचा आकार असा दुभंगला, त्यामागे जगण्यातलेच कारण आहे. ज्याला आपल्या भूतकाळाशी बोलताना संकोच होतो, त्याला स्वतःपासून थोडे दूर उभे राहून बोलावे लागते.

आता त्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर. मी त्यांना प्रथम एक जुनी नोंद सांगितली. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. 'ज्ञानेश्वरी' लिहिली गेली ती १२९० साली. म्हणजे ग्रंथातल्या ओवीचा मान आपण करतो, तिच्या कितीतरी आधी मुसळ आणि जाते यांच्या साथीने बायकांच्या कंठात ओवी नांदत होती. साने गुरुजींनी अशा ओव्या जमवून 'स्त्री जीवन' हा संग्रह सिद्ध केला. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींच्या कविता त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या, त्या मुलाने आणि आप्तांनी वेळीच टिपून ठेवल्या होत्या म्हणून. तेव्हा माझ्या फळ्यावर ओवीला जागा नव्हती, याचा दोष ओवीकडे जात नाही.

मग मी त्यांना सांगितले, "ताई, शे-दीडशेपैकी प्रत्येक ओवी थोर असेल असे नाही. काही नुसत्या ठरीव असतील, काही दुसऱ्या गावांतही तशाच म्हणत असतील. पण ते ठरवणे नंतरचे काम आहे, आणि ते आधी लिहिल्याशिवाय होणार नाही. आई जसा शब्द उच्चारील तसाच लिहा. पुस्तकी भाषेत सुधारू नका. ओवी कधी, कोणत्या कामाच्या वेळी म्हणत, तेही बाजूला लिहा. आणि वरती आईचे नाव लिहा." त्या पुढच्या सत्राला आल्या तेव्हा शंभर पानी वहीची बारा पाने भरलेली होती. चौथ्या पानावर एका ओवीखाली त्यांनी स्वतःहून टीप लिहिली होती : 'ही आईने मला पहिल्यांदा सांगितली. आजपर्यंत म्हटली नव्हती.'

तुम्ही दूरस्थ पद्धतीने शिकत आहात. रोजच्या तासाला शिक्षक समोर नाही, ग्रंथालय दूर आहे, सोबतीला ही पुस्तिका आहे. अशा वेळी साहित्यकृती एकट्याने कशी वाचावी, यासाठी चार गोष्टी सुचवतो. पहिली, मोठ्याने वाचा. कवितेप्रमाणे गद्यालाही कानाची परीक्षा द्यावी लागते. दुसरी, एखादा महत्त्वाचा शब्द काढून त्या जागी दुसरा ठेवून पाहा. काय बिघडले ते लिहून काढा. तिसरी, काय सांगितलेले नाही ते शोधा. चौथी, कोण, कोणाशी, कोणत्या प्रसंगी बोलत आहे हे विचारा. आजींची ओवी शेजारणीलाच उद्देशून होती, हे कळले नसते तर तिचा अर्धा अर्थ आपल्या हातून निसटला असता. एवढे केल्यावर मार्गदर्शक पुस्तकाची गरज निम्म्याने कमी होईल.

उत्तरे लिहितानाही हेच ध्यानात ठेवा. 'या कवितेत कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे', 'लेखकाची भाषा ओघवती व प्रभावी आहे' ही वाक्ये मी हजारो उत्तरपत्रिकांत वाचली आहेत. ती चुकीची नसतात. पण ती कोणत्याही कवितेला आणि कोणत्याही लेखकाला लागू पडतात, म्हणून त्यांतून काहीच कळत नाही. त्याऐवजी एक शब्द, एक प्रतिमा, एक वळण दाखवा आणि ते तेथे का आहे हे आपल्या शब्दांत सांगा. तुम्ही संसार केला आहे, नोकरी केली आहे, शेती केली आहे, माणसे गमावली आहेत. वाचनाच्या वेळी हे सारे बाजूला ठेवून या, असे साहित्य कधीही म्हणत नाही. वयाच्या अठराव्या वर्षी जे विद्यार्थी हा अभ्यासक्रम करतात, त्यांना शिक्षकाने समजावून सांगाव्या लागतात अशा कितीतरी गोष्टी तुम्हांला आधीच ठाऊक आहेत. फक्त त्या ठाऊक असण्याला शब्द द्यावयाचे आहेत.

शेवटी तुमच्या स्वाध्यायाविषयी. स्वाध्याय म्हणजे केंद्रावर वेळेत जमा करावयाचे कागद, अशी भावना होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी एक गोष्ट आठवा. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. तो लिहिणारी मुक्ता ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी होती. विषय होता मांग-महारांचे दुःख. वेदांचा अधिकार आम्हांला नाही तर आमचा धर्म कोणता, असा रोखठोक प्रश्न तिने त्यात विचारला; आणि डोक्यावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल तिने लिहिले. त्या बायकांची नोंद तोवर कोणत्या रकान्यात झाली होती? ती विद्वान म्हणून लिहीत नव्हती, लेखिका म्हणूनही लिहीत नव्हती. आपण काय पाहिले आणि त्याचा अर्थ काय, एवढेच ती नेमक्या शब्दांत मांडीत होती. आज मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्या लेखनाला स्थान आहे.

तो एका शाळकरी मुलीचा निबंध होता. तुमच्याही पुढे कोरा कागद आहे, आणि प्रश्नपत्रिकेत नसलेलेही पुष्कळ काही तुम्ही पाहिलेले आहे.